एकाच आठवड्यातले दोन कागद : स्मृतिभ्रंश असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या संमतीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नाती यांतले काही तपशील बदलले आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास. यजमान वारले, मूलबाळ नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःच्या पगारातून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, निवृत्तिवेतन आणि थोड्या ठेवी एवढी मिळकत. गॅस सुरू ठेवून बाहेर पडणं, एकाच दुधवाल्याला दोनदा पैसे देणं असं सुरू झालं तेव्हा दिराच्या मुलानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. अल्झायमरचं निदान झालं. वर्षभरानं त्यानंच त्यांना गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे एका विश्वस्त संस्थेच्या जागेत तीसेक वृद्ध राहतात. आठवड्यातून दोन वेळा मी समाजकार्यकर्ती म्हणून तिथे जाते.

पुतण्याबद्दल आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तो खलनायक वाटेल. बाईंना भेटायला दर महिन्याला येणारा तो एकटाच होता. येताना मोतीचूर आणायचा. औषधं संपली की फोन त्यालाच जायचा. बाईंची एक भाचीही आहे, बहिणीची मुलगी, नाशिकला असते. तिचं बाईंशी फोनवर बोलणं व्हायचं, येणं क्वचितच.

प्रवेशअर्जावर सही पुतण्याची होती, 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात. बाईंची सही कुठेही नव्हती. त्या वेळी त्यांना स्वच्छ सही करता येत होती. कुठे राहायला चाललोय हेही त्यांना कळत होतं, पण कुणी विचारलं नाही. एटीएम कार्ड पुतण्याकडे होतं. आश्रमाचे पैसे तोच भरायचा आणि उरलेल्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. यात बेकायदेशीर काही केलं असं कुणाला वाटलं नाही. आपल्याकडे असंच चालतं.

प्रश्न कसा उभा राहिला

एका सोमवारी पहाटे बाई न्हाणीघरात पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या खाजगी रुग्णालयात एक्सरे झाला. सर्जन म्हणाले, अर्धा सांधा बदलावा लागेल आणि दोन दिवसांत केलेलं बरं. या वयात खुबा मोडून पडून राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे वृद्धाश्रमातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो.

पुतण्या संध्याकाळी आला. दाखल करतानाच्या कागदावर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'रुग्णास स्मृतिभ्रंश असून काही समजत नाही. संमती मी देत आहे.'

मंगळवारी दुपारी तो वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेकडे आला. ऑपरेशनचं काही सांगता येत नाही, म्हणून त्याआधी फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घ्यायचंय, असं त्यानं सांगितलं. दुय्यम निबंधकांना गृहभेटीसाठी, म्हणजे त्यांनी स्वतः येऊन दस्त नोंदवावा यासाठी, अर्ज करणार होता. पत्ता वृद्धाश्रमाचा लागेल आणि साक्षीदार म्हणून इथल्याच दोघांच्या सह्या मिळाल्या तर बरं होईल. सोबत त्यानं एका डॉक्टरांचा दाखला आणला होता : 'सदर महिलेची मानसिक स्थिती उत्तम असून आपल्या मिळकतीविषयी निर्णय घेण्यास त्या सक्षम आहेत.' तारीख सोमवारची. सोमवारी बाई पहाटेपासून रुग्णालयात होत्या आणि त्या डॉक्टरांनी त्यांना पाहिलेलंच नव्हतं.

प्रकरणाचा सगळा गुंता या दोन कागदांत आहे. ऑपरेशनसाठी बाईंना काही समजत नाही आणि घर देण्यासाठी सगळं समजतं. दोन्ही म्हणणारा माणूस एकच, आठवडाही एकच.

घाई कशाची होती, हे भाचीशी बोलल्यावर उलगडलं. बाईंनी मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेल्या विधवेची स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राअभावी तिच्या यजमानांच्या वारसांकडे जाते. म्हणजे बहिणीच्या मुलीला काही नाही. दीर-नणंदांपैकी कुणी हयात नव्हतं, त्यामुळे त्यांची मुलं समान वाटेकरी. असे पाच जण होते. पुतण्याला काही झालं तरी पाचवा हिस्सा मिळणारच होता. त्याला पूर्ण फ्लॅट हवा होता. स्वतःच्या गॅरेजसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते आणि 'एवढं मीच बघतो, बाकीचे चौघं कधी फिरकलेत का?' हा त्याचा सवाल होता. सवाल अगदीच गैर नव्हता.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे गप्प बसतो

इथे थोडं थांबायला हवं. डॉक्टर, वकील, आश्रमचालक असे सगळेच 'नातेवाईकाची सही' ही कायद्यातली गोष्ट धरून चालतात.

सज्ञान माणसाच्या शरीरावरच्या उपचाराला संमती त्यानंच द्यायची असते. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. तातडी नव्हती, रुग्ण शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं आईची ती संमती ग्राह्य धरली नाही. महाराष्ट्राला तर याहून कडू आठवण आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सांभाळणाऱ्यांनी सोय पाहिली.

मग माणसाला खरोखरच निर्णय घेता येत नसेल तर? मानसिक आजारावरच्या उपचारापुरतं उत्तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांतला गंभीर बिघाड येतो, म्हणून स्मृतिभ्रंश त्यात बसतो. कलम ४ निर्णयक्षमतेचं आहे : माहिती समजणं, किंवा निर्णयाचा परिणाम ओळखता येणं, किंवा बोलून, खुणेनं, कसंही आपला निर्णय सांगता येणं. तिन्हींच्या मध्ये 'किंवा' आहे. इतरांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे. पण हा कायदा खुब्याच्या ऑपरेशनला लागू नाही, मालमत्तेलाही नाही.

मालमत्तेच्या बाबतीत तर भोकच पडलंय. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात जिल्हा न्यायालयानं चौकशी करून पालक आणि मिळकतीचा व्यवस्थापक नेमण्याचं प्रकरण होतं. २०१७ च्या कायद्यानं तो कायदा रद्द केला आणि त्या जागी काही ठेवलं नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, पण ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरतं. म्हातारपणी विसरायला लागलेल्या माणसाला ते दार बंद. उरतात दोन वाटा. एक, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ खालचं मर्यादित पालकत्व, तेही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं आणि त्या माणसाला सोबत घेऊन. दुसरी, उच्च न्यायालयात रिट अर्ज.

वकील मंडळी यावर कुलमुखत्यारपत्राचा तोडगा सुचवतात. या प्रकरणातही पुतण्याच्या वकिलांनी तो सुचवला होता. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं. ज्या दिवसासाठी लोक ते करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी त्याचा उपयोग संपतो. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि बँकाही विचारत नाहीत.

पहिला निर्णय : ऑपरेशन

चार पर्याय समोर होते. पुतण्याच्या सहीवर ऑपरेशन उरकायचं, रुग्णालयाची नेहमीची पद्धत. दुसरा, तातडी म्हणून डॉक्टरांनी सद्भावनेनं निर्णय घ्यायचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण त्याला आहे, पण संमती मिळणं शक्य नसेल तेव्हाचं. तिसरा, उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यायचा. त्याला लागणाऱ्या काळात हाड वाट पाहत बसलं नसतं. चौथा, आधी बाईंनाच नीट विचारून पाहायचं.

चौथ्याला सर्जनांचा विरोध नव्हता, कंटाळा होता. 'मी काल विचारलं, त्या नुसत्या बघत होत्या,' ते म्हणाले. मग लक्षात आलं की बाईंचं कानाचं यंत्र आणि चष्मा दोन्ही वृद्धाश्रमात खणातच राहिले होते. सोमवारी पहाटे उचलून नेताना ते कुणाला सुचणार? पण 'काही समजत नाही' हा शिक्का अर्धा त्या खणात पडला होता.

बुधवारी सकाळी यंत्र लावून, चष्मा घालून, वेदनाशामक देऊन झाल्यावर बाईंना पुन्हा विचारलं. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ विनंतीवरून आले होते. सर्जनांनी एक्सरे उजेडात धरून दाखवला, एका वेळी एकच गोष्ट सांगितली.

बाईंनी विचारलं, 'नाही केलं तर?'

'चालता येणार नाही, बाई. पडून राहावं लागेल.'

'मग करा. पण मला झोपवू नका.'

झोपवू नका म्हणजे पूर्ण भूल नको. यजमानांना ऑपरेशनला आत नेलं ते परत शुद्धीवर आलेच नाहीत, हे त्यांना लख्ख आठवत होतं. कमरेत इंजेक्शन देऊन अर्धं शरीर बधिर करता येईल, असं सर्जनांनी सांगितलं. मान डोलली. अर्ध्या तासानं त्यांना हे सगळं बोलणं झाल्याचंच आठवत नव्हतं. दुपारी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि उत्तर तेच आलं, झोपवू नका यासकट.

मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं की या निर्णयापुरती, आधार देऊन, क्षमता आहे. बोलणं लक्षात राहत नसलं तरी दोन्ही वेळा कारणासकट एकच निर्णय आला, याला त्यांनी महत्त्व दिलं. संमतीपत्रावर बाईंनी सही केली, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. पुतण्याची सही वेगळ्या कागदावर घेतली : माहिती मिळाली आणि बिलाची जबाबदारी घेतो. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला खरं तर तेवढंच हवं होतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं, कमरेखालच्या भुलेतच. त्या रात्री बाई भ्रमात गेल्या, सलाइन ओढून काढली आणि परिचारिकेनं त्यांचे हात खाटेला बांधले. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९७ मध्ये बांधून ठेवण्यावर कडक अटी आहेत : तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच, लागेल तेवढाच वेळ, आणि मनुष्यबळ कमी आहे हे कारण चालणार नाही. ते कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, सर्वसाधारण वॉर्डासाठी नाही. तोच माणूस, तेच हात, पण खाट कोणत्या इमारतीत आहे त्यावर संरक्षण ठरतं. भाची नाशिकहून आली होती, ती रात्रभर शेजारी बसली आणि हात सोडले गेले.

दुसरा निर्णय : बक्षीसपत्र

यातही पर्याय होते आणि व्यवस्थापिका खरोखर पेचात होती. 'घरातलं प्रकरण आहे, आपण मध्ये पडायचं नाही,' असं विश्वस्तांपैकी एकांचं मत. दुसरं टोक म्हणजे पुतण्याला येण्यास मज्जाव करायचा आणि पोलिसांत जायचं. त्यात बाईंचं नुकसान होतं. त्याच्याशिवाय भेटायला येणारं कुणी नव्हतं आणि तो आला की त्यांचा चेहरा खुलायचा. शिवाय चिडून तो त्यांना उचलून घेऊन गेला असता तर? तसा अधिकार त्याला कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही, पण दारात गाडी लावून 'माझ्या काकूला नेतोय' म्हणणाऱ्याला कोण अडवतं?

व्यवस्थापिकेनं मधली वाट काढली. तिनं साक्षीदार द्यायला नकार दिला आणि तीन अटी लेखी कळवल्या : निबंधकांच्या भेटीच्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी करावी, बाईंच्या विश्वासातलं एखादं माणूस हजर असावं, आणि दस्तातून ज्याला मिळकत मिळणार तो त्या वेळी खोलीत नसावा. तिसऱ्या अटीला २०१६ च्या कायद्यातल्या कलम १३ चा आधार होता. आर्थिक व्यवहारात हितसंबंध आड येत असेल तर आधार देणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं असतं. केवळ रक्ताचं नातं आहे म्हणून असा संघर्ष गृहीत धरता येत नाही, हेही तेच कलम सांगतं. इथे गृहीत धरायची गरज नव्हती, फ्लॅट त्याच्याच नावावर जाणार होता.

त्याच बुधवारी मानसोपचारतज्ज्ञांनी मिळकतीबद्दलही बाईंशी बोलून घेतलं होतं. आपलं घर भाड्याचं आहे आणि मालकांनी भाडं वाढवलंय, असं त्या सांगत होत्या. ते चाळीस वर्षांपूर्वीचं बिऱ्हाड. फ्लॅट घेतल्याचं आठवत नव्हतं, त्याची किंमत सांगता येत नव्हती, बक्षीसपत्रानं काय होतं हे दोनदा समजावूनही पोचलं नाही. या व्यवहारापुरती क्षमता नाही, असं त्यांनी लिहिलं. एकाच सकाळी, एकाच तज्ज्ञानं, एकाच माणसाबद्दल दोन वेगळी उत्तरं दिली आणि दोन्ही बरोबर होती. सर्जन हे ऐकून म्हणाले, 'मग त्यांना कळतं की नाही, एकदा ठरवा.' हा प्रश्न एकदाच ठरवता येत नाही, हेच त्यांना पटायला वेळ लागला.

व्यवस्थापिकेनं दुय्यम निबंधकांना पत्र दिलं. हरकत म्हणून नाही. हरकतीच्या पत्रावरून नोंदणी थांबत नाही, असं कार्यालयातून ऐकायला मिळालं असतं. तिनं नुसती वस्तुस्थिती कळवली. नोंदणी कायद्याच्या कलम ३५ खाली, दस्त करून देणारा बुद्धीनं असमर्थ दिसला तर निबंधकानं नोंदणी नाकारायची असते. पत्रासोबत तिनं दोन प्रती जोडल्या : पुतण्याच्या अक्षरातला रुग्णालयाचा कागद आणि त्याच तारखेचा 'उत्तम मानसिक स्थिती'चा दाखला. त्या दिवशी कुणीही डॉक्टर आश्रमात आले नसल्याचं दाखवणारं भेटवहीचं पान तिसरं.

निबंधकांपर्यंत प्रकरण गेलंच नाही. पुतण्याच्या वकिलांनी ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले आणि गृहभेटीचा अर्ज मागे घेतला.

तिसरा निर्णय : पुढे बाईंच्या वतीनं कुणी बोलायचं

हा निर्णय सगळ्यांत सोपा निघाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १४ खाली कुणीही साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतं. तो नातेवाईकच हवा असं नाही. सज्ञान हवा आणि त्यानं लेखी होकार द्यायला हवा. पुतण्या की भाची यावर आम्ही सगळे चर्चा करत होतो. बाईंनी दोघांचंही नाव घेतलं नाही. शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिकेचं नाव घेतलं, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. त्या बाई तालुक्यातच राहत होत्या आणि वृद्धाश्रमात आपल्याला कुणी बोलावेल याची वाट पाहत होत्या. नातेवाईक नसल्यानं त्यांचा नंबर कुणाच्या यादीतच नव्हता.

पहिल्याच महिन्यात या मैत्रिणीनं एक प्रश्न विचारला : रात्री चहातून कोणती गोळी देता? भ्रमाच्या दिवसांत सुरू केलेली झोपेची गोळी आश्रमात परतल्यावरही चालूच होती. बाई नाही म्हणायच्या म्हणून ती चुरडून चहात घातली जात होती. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्यावर ती दोन आठवड्यांत कमी करत बंद झाली.

आजची स्थिती

बाई वॉकर घेऊन चालतात. फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. एटीएम कार्ड पुतण्यानं परत केलं. आश्रमाचे पैसे आता बँकेतून परस्पर वळते होतात आणि खात्याचा उतारा पुतण्या, भाची आणि मैत्रीण तिघांनाही दिला जातो. महिनाभर तो आला नाही, मग यायला लागला.

अडलंय ते भलतीकडेच. सोसायटीची थकबाकी साचलीय, गच्ची गळतेय, आणि ठेवी मोडून ते पैसे भरायचा अधिकार कुणालाच नाही. मैत्रिणीचं नामनिर्देशन मानसिक उपचारापुरतं आहे, बँकेत त्याला किंमत नाही. मर्यादित पालकत्वाचा अर्ज भाची आणि पुतण्या यांच्या संयुक्त नावानं, दरवर्षी हिशेब देण्याच्या अटीवर केला आहे. तो प्रलंबित आहे. अर्ज एकत्र करायला पुतण्या तयार झाला याचं एक कारण बहुधा असं की मूल नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्याला वारशानं मिळणार आहे, त्याच्याकडून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली चरितार्थही मागता येतो, हे वकिलांनी त्याला समजावलं. वारसाहक्क सांगायचा तर खर्चही उचलावा लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

निदान झालं त्या वर्षी बाई स्वतःचं सगळं ठरवू शकत होत्या. मृत्युपत्र करता आलं असतं आणि भाचीला हिस्सा देणं तेवढ्यानंच शक्य होतं. फ्लॅट पुतण्यालाच द्यायचा असता तर तोही त्याच वेळी, राजीखुशीनं. प्रतिनिधीचं नाव लिहून ठेवता आलं असतं. मरणाच्या दारातल्या उपचारांबद्दलची पूर्वसूचना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित निर्देशांप्रमाणे दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येते. निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनी यातलं एक वाक्य बोलायला हवं होतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुतण्याला बाजूला घेऊन 'आता यांच्यावर लक्ष ठेवा' म्हणाले.

वृद्धाश्रमाचा प्रवेशअर्ज आता बदलला आहे. पहिली सही राहायला येणाऱ्याची. आपल्याला इथे का आणलंय असं त्याला वाटतं, हे त्याच्याच शब्दांत लिहायला चार ओळी. विश्वासातल्या दोन माणसांची नावं, त्यातलं एक नात्याबाहेरचं. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी रुग्णालयात सोबत पाठवायची यादी दाराशी चिकटवली आहे. काही कुटुंबं त्या चार ओळींना हरकत घेतात. 'आईला कशाला विचारता, ती नाहीच म्हणणार,' असं मागच्या महिन्यात एक गृहस्थ म्हणाले. व्यवस्थापिकेनं पेन आईंच्या हातात दिलं. आईंनी 'नाही' असंच लिहिलं. त्यांचा प्रवेश तूर्त थांबवला आहे आणि दिवसाची मदतनीस ठेवून घरीच काही जमतं का, याची बोलणी चालू आहेत.